मराठवाड्याच्या उन्हाळ्यात टिकणारी लाकडी नाव हाताने कशी बांधावी

परभणी जिल्ह्यातील गोदाकाठच्या एका गावातून, फर्निचरच्या कामात हात बसलेल्या तरुण सुताराने चार प्रश्न विचारले आहेत. मासेमारीसाठी पंधरा फुटांची लाकडी नाव स्वतःच्या हाताने बांधायची आहे, पण परिसरात नाव बांधणारा जुना मिस्त्री उरलेला नाही, तर शिकायचे कोठून? शेताच्या बांधावर बाभळी आहेत, त्या चालतील का? काम कोणत्या महिन्यात सुरू करावे? आणि फायबरच्या नावा सर्वत्र मिळत असताना हा खटाटोप करावा का? या चारही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून मी त्यांना सुटे सुटे उत्तर न देता कामाच्या ओघात ती देतो.

प्रथम एक गोष्ट मनात पक्की करा. आपल्याकडे नावेचा मोठा शत्रू पाणी नसून ऊन आहे. कोकणातली होडी वर्षातले बहुतेक दिवस ओलाव्यात असते. आपली नाव मात्र भाद्रपदात दुथडी भरलेल्या गंगेत, म्हणजे गोदावरीत, असते आणि चैत्र-वैशाखात पात्र आटले की चाळीस अंशांच्या वर गेलेल्या उन्हात काठावर पडून राहते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांना आठवत असेल. अशा वर्षी नाव दोन-चार महिने नव्हे, तर त्याहून अधिक काळ कोरडी राहते. फळ्या आकसतात, सांधे उघडतात, खिळ्यांभोवती भेगा पडतात आणि जूनमध्ये ती पाण्यात लोटली की चाळणीसारखी गळते. त्यामुळे लाकूड कोणते, फळी किती रुंद, खिळा कोठे, सांध्यात काय भरायचे आणि काम कोणत्या ऋतूत करायचे, या प्रत्येक निर्णयात ‘ही नाव सुकल्यावर काय होईल’ हाच प्रश्न आधी विचारला पाहिजे. परप्रांतांतल्या नावबांधणीची वर्णने वाचून काम करणाऱ्यांची फसगत बहुधा येथेच होते, कारण ती वर्णने बारमाही ओल्या प्रदेशांतली असतात.

नावेचा आकार पाण्यावरून ठरतो. तुमच्या भागातली गोदावरी संथ, वाळूची आणि बंधाऱ्यांमुळे तुकड्यातुकड्यांत थांबलेली आहे. उथळ पाण्यात खाली वाळू घासते आणि कोठे कोठे काळ्या दगडाचे कातळ लागतात. अशा पात्राला सपाट तळाची, दोन्ही टोकांना तळ किंचित वर उचललेली आणि बाजू बाहेरच्या अंगाला कललेल्या अशी नाव योग्य ठरते. हीच नाव नाथसागरावर नेऊ नये, किंवा नेलीच तर काठ सोडू नये. जायकवाडीचा जलाशय भरल्यावर सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो, आणि आषाढातला पश्चिमेचा वारा त्यावर ज्या लाटा उठवतो त्यांना बुटक्या बाजूंची सपाट नाव तोंड देऊ शकत नाही. तेथे बाजू उंच आणि पुढचे टोक अधिक उचललेले हवे. थर्माकोलचा चप्पू, म्हणजे छोटा तराफा, आणि पुराच्या दिवसांत गुऱ्हाळाची काहील वापरून माणसे नदी ओलांडतात हे आपण पाहतो. त्या दोहोंपासूनही एक धडा घेण्याजोगा आहे: काहील रुंद असल्याने सहजी कलंडत नाही, पण तिला पुढे-मागे नसल्याने वल्हे मारताच ती गरगर फिरते. रुंदी स्थिरता देते आणि लांबी दिशा देते, या दोहोंचा मेळ म्हणजे नाव. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यातले तीन डोलकाठ्यांचे जहाज दाखवून ‘ही आपली परंपरा’ असे कोणी सांगू लागले, तर चित्राचा आनंद अवश्य घ्यावा. मात्र ते समुद्रावरचे गलबत आहे आणि गोदावरीतल्या कामासाठी त्याच्यावरून मापे घेता येत नाहीत.

आता लाकूड. तळाच्या आणि बाजूंच्या फळ्यांसाठी माझे मत स्पष्ट आहे: सागवान, आणि तेही पक्क्या गाभ्याचे. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरच्या बाजूला सागाचे जंगल असल्याने आपल्या भागातल्या वखारींत सागवान मिळते. ते महाग पडते, पण सागवान सुकताना आणि भिजताना इतर लाकडांच्या मानाने कमी हलते, त्याच्या अंगच्या तेलामुळे वाळवी आणि बुरशी लवकर शिवत नाही, आणि लोखंडी खिळ्याभोवती ते सहसा कुजत नाही. फळीच्या कडेला पांढरट पट्टा असतो, तो मात्र सागवानाचा असला तरी निर्दयपणे काढून टाकावा. कीड तेथूनच शिरते. आंब्याचे लाकूड स्वस्त आणि कापायला सोपे असते, म्हणून पुष्कळ जण त्याकडे वळतात. पण वारंवार भिजणे आणि वाळणे त्याला सोसत नाही, आणि तीन-चार पावसाळ्यांत ते खिळ्यांपाशी भुसभुशीत होऊ लागते. जांभळाचे लाकूड सतत पाण्याखाली उत्तम टिकते, परंतु आपली नाव सतत पाण्यात नसते, ही अडचण आहे.

तुमच्या बाभळींविषयी सांगायचे तर त्या फळ्यांसाठी वापरू नका आणि फासळ्यांसाठी, म्हणजे फळ्यांना आतून धरून ठेवणाऱ्या आडव्या लाकडांसाठी, मात्र जरूर वापरा. बाभूळ जड, चिवट आणि आडव्या ताणाला बळकट असते. बैलगाडीच्या चाकांसाठी तिला पिढ्यानपिढ्या पसंती मिळाली ती याचसाठी. तिची रुंद फळी वाळताना पिळवटते आणि चिरते, पण बुंधा व फांदी जेथे फुटते तेथला नैसर्गिक बाक फासळीला अमूल्य असतो, कारण त्या बाकाबरोबर लाकडाच्या रेषाही वळलेल्या असतात. सरळ लाकडातून कापून काढलेली वाकडी फासळी रेषा तुटल्यामुळे नेमकी वळणावर मोडते. म्हणून आरा मशीनवर ओंडका नेण्याआधी झाडाभोवती फिरा, पातळ पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा साचा हातात धरा आणि कोणत्या फांदीत तुमची फासळी दडलेली आहे ते पाहा. तोडलेली बाभूळ जुने सुतार काही महिने विहिरीत किंवा नदीच्या गाळात बुडवून ठेवत असत. त्यामुळे तिच्यातला पिठूळ अंश धुऊन जातो आणि भुंगेऱ्यांचा उपद्रव कमी होतो. ही पद्धत आजही सोडू नये. झाड स्वतःच्या बांधावरचे असले तरी तोडण्याआधी वनविभागाकडे चौकशी करा. १९६४ च्या महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबतच्या कायद्याखाली सागासारख्या अनुसूचित झाडांना परवानगी लागते, आणि वखारीतून सागवान घेताना बिल व वाहतूक परवाना मागून घ्यावा.

फळी निवडताना तिच्या टोकाकडे पाहण्याची सवय लावा. टोकावर वाढीची वलये उभी दिसत असतील तर ती फळी रुंदीत कमी आकसते. वलये आडवी, थाळीच्या काठासारखी पसरलेली असतील तर दुपटीहून अधिक आकसते. आठ इंच रुंदीची आडव्या वलयांची सागवानी फळी वीस टक्के ओलाव्यावरून आठ टक्क्यांवर आली, म्हणजे आपल्या मे महिन्यात पोहोचते तेथवर पोहोचली, की तिची रुंदी सुमारे साडेचार मिलिमीटरने कमी होते. उभ्या वलयांच्या फळीत हा फरक दोन मिलिमीटरच्या आसपास राहतो. आता तळाला आठ इंची फळ्या घातल्या तर प्रत्येक सांधा साडेचार मिलिमीटरने उघडेल, आणि तेवढी भेग कापसाने भरून निघत नाही. त्याऐवजी चार-पाच इंची फळ्या घातल्या तर एकूण आकसणे तेवढेच राहते, पण ते अधिक सांध्यांत वाटले जाते आणि प्रत्येक सांधा आपल्या वाट्याची हालचाल पेलू शकतो. रुंद फळीने काम लवकर उरकते हे खरे आहे, तरीही आपल्या हवेत अरुंद फळीच घ्यावी. आडव्या वलयांची फळी वापरणे भागच पडले तर तिची सालीकडची बाजू आत, फासळ्यांकडे ठेवावी. वाळताना तिच्या कडा आतल्या अंगाला ओढल्या जातात आणि फासळीवर घट्ट बसतात, बाहेर उचकटत नाहीत.

लाकूड सावलीत, हवा खेळेल अशा रीतीने, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या देऊन रचून वाळवावे. इंचभर जाडीला साधारण एक वर्ष हा ठोकताळा आहे. कापल्याबरोबर फळ्यांच्या टोकांना रंग किंवा डांबर लावावे, नाहीतर टोके आधी वाळून भेगाळतात.

गुरू नसताना शिकावे कसे, या प्रश्नाला मी जरा सविस्तर उत्तर देतो, कारण सगळ्यांत अधिक चुकीचे सल्ले येथेच मिळतात. तुम्ही फर्निचर करता, म्हणजे रंधा, पटाशी आणि करवत तुमच्या हातात आहे; पण फर्निचरचा सुतार गुण्याने, म्हणजे काटकोन तपासण्याच्या अवजाराने, विचार करतो आणि नावेत काटकोन जवळजवळ कोठेच नसतो. ही सवय मोडण्यासाठी पहिले काम वल्ह्याचे घ्यावे. एका सरळ रेषेच्या फळीतून वाकसाने तासून, मग रंधा आणि कानस चालवून, दोन्ही बाजूंना सारखे तोललेले वल्हे काढताना हाताला गोलाई आणि उतार समजतो. त्यानंतर एखादी टाकून दिलेली जुनी लाकडी नाव शोधा. जलाशयांच्या काठी, मच्छीमार संस्थांच्या आवारात अशा नावा पडून असतात आणि मालक त्या जळणाच्या भावात देतो. ती फोडू नका, उकला. प्रत्येक फळीवर खडूने क्रमांक घाला, सांध्यात काय भरले होते ते पाहा, खिळा कोणत्या बाजूने मारून कोठे वळवला आहे त्याची वहीत आकृती काढा, आणि मुख्य म्हणजे नाव कोठे कुजली आहे ते नीट तपासा. कुजलेली जागा मिस्त्रीपेक्षा अधिक स्पष्टपणे सांगते की पाणी कोठे साठत होते आणि हवा कोठे पोहोचत नव्हती. माझ्या अनुभवात ती जागा बहुतेक वेळा फासळीच्या खालच्या अंगाला, तळ आणि बाजू जेथे मिळतात त्या कोपऱ्यात सापडते. म्हणूनच प्रत्येक फासळीच्या खाली कोपऱ्यालगत पाणी वाहून जाण्यासाठी अंगठा जाईल एवढी खाच ठेवायची असते.

त्यानंतर फुटाला दोन इंच या प्रमाणात, म्हणजे पंधरा फुटांची नाव अडीच फुटांत, लहान प्रतिकृती करावी. हे खेळणे नव्हे. पातळ पट्ट्या वाकवून पाहिल्याशिवाय कोणती फळी कोठे अडेल आणि पुढच्या टोकाशी तिची रुंदी किती कमी करावी लागेल, हे कागदावर कळत नाही. प्रतिकृती पाण्याच्या हौदात सोडा, वाळूच्या पुरचुंड्या ठेवून वजन द्या, ती कोणत्या बाजूला झुकते ते पाहा. मग आठ फुटांची डोंगी करा आणि ती एक पूर्ण उन्हाळा काठावर ठेवून पुन्हा पाण्यात उतरवा. हा उन्हाळा मध्ये गेल्याखेरीज पंधरा फुटी नावेला हात घालू नये, असे माझे मत आहे. त्या डोंगीचे उघडलेले सांधे जे शिकवतील ते मी कितीही लिहिले तरी शिकवता येणार नाही.

सरकारच्या पीएम विश्वकर्मा योजनेत, जी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली, अठरा व्यवसायांमध्ये सुताराबरोबर नाव तयार करणाऱ्याचाही समावेश आहे. तीत काही दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या दिवसांचा पाचशे रुपये रोज भत्ता, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत आणि सवलतीच्या व्याजाचे कर्ज मिळू शकते. आठवडाभराच्या प्रशिक्षणाने कोणी नाव बांधणारा होत नाही, हे सांगायला नको. अवजारांच्या मदतीसाठी मात्र नोंदणी करून घ्यावी. अवजारांत तुमच्याकडे नसण्याची शक्यता आहे ती म्हणजे चांगला वाकस, निरनिराळ्या जाडीची गिरमिटे, सहा-आठ मोठे शिकंजे आणि सांध्यात कापूस ठोकण्यासाठी बोथट धारेची रुंद छिन्नी. ही छिन्नी लोहाराकडून जुन्या कमानपाट्याच्या पोलादाची करून घ्या.

नाव मांडण्याची जागा निवडताना काळ्या रानावर खुंट्या ठोकू नका. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. एका अवकाळी पावसात तुमचे सगळे साचे हलतील आणि नाव पिळलेली निघेल. मुरमाची घट्ट जमीन किंवा सिमेंटचा ओटा पाहा, वर सावली करा, आणि नाव पूर्ण मापात जमिनीवर सूत पाडून आखा. मधोमध ताणलेली एक दोरी शेवटपर्यंत काढू नये, आणि प्रत्येक साचा बसवताना ओळंबा त्या दोरीला लावून पाहावा.

मापांचा हिशेब अवघड नाही. पंधरा फुटी नावेच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे ३६ चौरस फूट येते, आणि एवढा तळ एक इंच बुडाला की तीन घनफूट, म्हणजे सुमारे ८५ किलो पाणी बाजूला सारले जाते. तळाला एक इंच आणि बाजूंना पाऊण इंच जाडीच्या सागवानी फळ्या व बाभळीच्या फासळ्या धरल्या, तर रिकाम्या नावेचे वजन १७० किलोंच्या आसपास जाते. ती दोन इंच बुडून तरंगेल. तीन माणसे आणि ओले जाळे मिळून आणखी २२० किलो आले की ती साडेचार इंचांच्या थोडी पुढे जाईल. बाजूंची उंची दीड फूट ठेवली तर पाण्याच्या वर तेरा इंचांहून अधिक कठडा राहतो, आणि नदीसाठी तेवढा पुरेसा आहे. लाकूड सुमारे साडेआठ घनफूट लागते. पांढरा पट्टा, गाठी आणि वळणाची कात्रणे धरून बारा घनफूट घ्यावे.

बांधणीचा क्रम असा ठेवावा की आधी तळाच्या फळ्या लांबीने मांडून त्यांवर आडव्या फासळ्या पंधरा ते अठरा इंचांच्या अंतराने बसवायच्या, मग पुढचे व मागचे टोक उभे करायचे आणि शेवटी खालून वर अशा क्रमाने बाजूच्या फळ्या चढवायच्या. खिळे जस्ताचा मुलामा दिलेले, शक्य तर चौकोनी अंगाचे घ्यावेत. बाभळीतला तुरट अंश उघड्या लोखंडाला लवकर खातो आणि लाकूडही काळे पाडतो. प्रत्येक खिळ्याला खिळ्याहून किंचित बारीक भोक गिरमिटाने आधी पाडले पाहिजे. बाहेरून मारलेल्या खिळ्याचे टोक फासळीच्या आतल्या बाजूने अर्धा इंच बाहेर निघावे आणि ते रेषांना आडवे वळवून परत लाकडात रुतवावे. खाली दुसऱ्याने जड हातोडा धरल्याशिवाय हे नीट होत नाही, म्हणून या कामाला दोन माणसे लागतातच. एका फासळीवर प्रत्येक फळीला दोनच खिळे, कडेपासून इंचभर आत आणि एका ओळीत न येतील असे मारावेत. रुंद फळीला दोन्ही कडांनी खिळे मारले की ती आकसताना दोन्हीकडून धरली जाते आणि मधोमध फाटते. अरुंद फळीचा आग्रह धरण्याचे हे आणखी एक कारण आहे.

फळी टोकाकडे वाकवताना घाई करू नये. वाफेची पेटी केली तर इंचाला एक तास वाफ द्यावी. ती नसेल तर फळीवर ओली पोती गुंडाळावी, उकळते पाणी ओतत राहावे, खालून मंद धग द्यावी आणि टोकावर दगड टांगून तिला आपल्या वजनाने वळू द्यावे. वाकली की गरम असतानाच शिकंजे लावून रात्रभर तशीच ठेवावी. जोराने ओढलेली फळी त्या दिवशी बसते, पण उन्हाळ्यात खिळे उपटून परत सरळ होऊ पाहते.

आता सांधे, ज्यांवर सगळा भार आहे. दोन फळ्यांच्या आतल्या कडा एकमेकींना घट्ट भिडाव्यात आणि बाहेरच्या बाजूला रंध्याने किंचित उतार देऊन सुमारे दोन मिलिमीटरची खाच ठेवावी. या खाचेला प्रथम जवसाचे गरम तेल पाजावे, नाहीतर कोरडे लाकूड नंतर भरलेल्या लुकणातले तेल शोषून घेते आणि लुकण पापडासारखे सुटते. तेल मुरल्यावर स्वच्छ सरकीविरहित कापसाची सैल वात वळून ती बोथट छिन्नीने खाचेत बसवावी. अंबाडीचे किंवा तागाचे तंतूही चालतात, पण कापूस फुगतो चांगला आणि आपल्याकडे त्याला तोटा नाही. वात खाचेच्या दोन-तृतीयांश खोलीपर्यंत जावी, त्यावर पुन्हा तेलाचा हात द्यावा आणि वरची जागा राळ, जवसाचे तेल व खडूची पूड एकत्र करून केलेल्या लुकणाने भरावी.

कापूस किती घट्ट ठोकायचा, हाच या कामातला खरा हिशेब आहे. मे महिन्यात वाळून खडखडीत झालेल्या फळ्यांत छाती फुगवून कापूस ठोकला तर पावसाळ्यात फळ्या फुगल्यावर त्यांना जागा उरत नाही. त्या एकमेकींना रेटतात, खिळे ओढले जातात आणि बाजू फासळीपासून सुटते. उलट ओल्या लाकडात सैल भरला तर उन्हाळ्यात वात गळून पडते. म्हणूनच सांधे भरण्याचे काम कार्तिकापासून माघापर्यंत, लाकूड ना फार ओले ना फार सुके असताना करावे. तुमच्या ‘कोणत्या महिन्यात’ या प्रश्नाचे उत्तर असे की लाकूड आदल्या वर्षीचे वाळलेले असावे, मांडणी दसरा-दिवाळीनंतर सुरू करावी आणि शिवरात्रीच्या सुमारास सांधे पुरे व्हावेत. नावेला त्यानंतर लगेच पाणी मिळाले तर उत्तम.

तेलाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. जवस आणि करडई या दोन्हींचे तेल हवेत हळूहळू घट्ट होऊन पापुद्रा धरते. जवसाचे लवकर, करडईचे सावकाश. करडई आपल्याच रानातली असल्याने काहीजण तिचे तेल बराच वेळ शिजवून रोगण करतात, आणि ते चिकट व लवचिक असते. करंज किंवा कडुनिंबाचे तेल किडीला दूर ठेवते, पण ते वाळत नाही. आतल्या अंगाला चोळायला ठीक, सांध्यात मात्र घालू नये. कोळशाचे डांबर तळाला बाहेरून पुष्कळ जण लावतात. ते पाणी थोपवते, पण उन्हात तडकते आणि अंगाला लागले तर त्वचेला अपायकारक असते, म्हणून आत कधीही लावू नये. राळ आणि तेल तापवताना भांडे अर्धेच भरावे, चूल उघड्यावर असावी आणि झाकण हाताशी ठेवावे. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना स्वतः उष्णता सोडते आणि अशा ढिगाला ठिणगीविना आग लागू शकते. त्या उलगडून वाळत घालाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात.

दर उन्हाळ्यात नाव काठावर ओढली की ती उपडी करून दगडांवर, जमिनीपासून हातभर उंच ठेवावी, कारण मातीला टेकलेल्या लाकडाला वाळवी एका महिन्यात गाठते. वर कडब्याचे किंवा पाचटाचे छप्पर करावे आणि आतून तेलाचा एक हात द्यावा. प्लास्टिकचा कागद अंगाला चिकटवून गुंडाळू नये. त्याखाली दिवसा लाकूड भाजते आणि रात्री दव धरते. पाण्यात उतरवण्याआधी पाच-सहा दिवस नाव सुलटी करून तिच्यात ओली पोती पसरावीत आणि ती रोज भिजवत राहावे. उघडलेला सांधा दिसला की लगेच छिन्नी उचलण्याचा मोह आवरावा. आधी लाकूड फुगू द्यावे, आणि त्यानंतरही जो सांधा पाणी सोडेल तेवढाच पुन्हा भरावा.

फायबरच्या नावेशी तुलना करायची तर ती हलकी असते, तिला ही दरसालची निगा लागत नाही, आणि केवळ मासेमारीच्या मिळकतीचा विचार असेल तर मी स्वतः कोणालाही लाकडी नावेचा आग्रह करणार नाही. लाकडी नाव तेव्हा परवडते जेव्हा बांधणारा आणि वापरणारा एकच असतो, फासळ्यांचे लाकूड घरचे असते आणि कातळावर आपटून फळी फुटली तर ती एका दिवसात बदलण्याचा हात अंगात असतो. तुमच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी आहेत, म्हणून हे काम करावे असे मी सांगतो. तळाला बाहेरून बाभळीच्या दोन घासपट्ट्या लांबीने जरूर बसवा. त्या झिजल्या की बदलता येतात आणि खालची सागवानी फळी वाचते.

नाव पहिल्यांदा पाण्यात उतरवताना कमरेएवढ्या पाण्यात, दोन-तीन माणसे हाताशी घेऊन उतरवावी. पहिले दोन-तीन दिवस ती गळेल, त्याची काळजी करू नये. पाणी उपसत राहावे आणि कोठून येते ते खडूने खुणावत जावे. गळती थांबली की माणसांऐवजी आधी वाळूची पोती ठेवून वजन द्यावे. एका बाजूच्या काठाशी सरकवलेल्या पोत्यांनी ती किती कलते ते पाहावे, आणि जेवढ्या वजनाला कठडा एक फूट उरतो तेथे बाहेरून रंगाची ठळक रेघ मारावी. मग ती मुद्दाम पाण्याने भरून पाहा. सागवान पाण्याहून हलके असल्याने भरलेली नाव तळाला जात नाही, पण तिच्यात बसून राहता येत नाही, फक्त धरून तरंगता येते; हे बरोबर येणाऱ्या प्रत्येकाने स्वतः अनुभवलेले असावे आणि तरीही प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जॅकेट असावे. जलाशयात मासेमारी करायची असेल तर तेथे ठेका असलेल्या मच्छीमार संस्थेची संमती आधी घ्या. गावकऱ्यांनी ऐलतीर-पैलतीर सोडण्याचा आग्रह केला तर, नावेची नोंद व तपासणी रीतसर झाल्याशिवाय आणि एक पूर्ण वर्ष तिने काढल्याशिवाय, पैसे घेऊन किंवा न घेताही प्रवासी बसवू नका.